गंध्याचा खांब

पैठणच्या एका अत्तरवाल्याचे नाव दोन हजार वर्षांपासून दगडात टिकून आहे, पण ते पैठणात नाही. ते कन्नड तालुक्यात, सातमाळ्याच्या डोंगरात पितळखोऱ्याच्या लेण्यांत आहे. तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहातल्या एका खांबावर ब्राह्मी लिपीतली एक छोटी ओळ कोरली आहे. प्रतिष्ठानच्या, म्हणजे पैठणच्या, मितदेव गंधिकाच्या कुळाने हा खांब दान दिला, एवढाच तिचा आशय. शेजारच्याच खांबावर प्रतिष्ठानच्याच संघकाच्या मुलांचे दान नोंदले आहे.

गंधिक म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी. 'गांधी' हे आडनाव याच शब्दातून आले. प्राकृतात 'मित्र'चे 'मित' होते. म्हणजे हा मित्रदेव. मित्र हा ऋग्वेदात वरुणाच्या जोडीने येणारा, दिल्या शब्दाची राखण करणारा देव. इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकात आजच्या तुर्कस्तानात हित्ती आणि मितन्नी राजांनी तह केला, तेव्हा साक्षीला बोलावलेल्या देवांत मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य होते. इराणात हाच देव मिथ्र झाला. रोमन सैनिकांनी पुढे मिथ्रास नावाने ज्याची पूजा केली, त्याचे नावही याच मुळाचे. पंथ मात्र रोमन जगातच घडला.

त्या पंथाचे स्वतःचे धर्मग्रंथ हाती लागलेले नाहीत. जे कळते ते मुख्यतः अवशेषांतून. इंग्लंडच्या उत्तरेला हेड्रियनच्या तटबंदीवरील कॅरोबर्ग येथे 1949 साली अशा एका मंदिराचा शोध लागला आणि 1950 मध्ये त्याचे उत्खनन झाले. आत तीन वेद्या उभ्या होत्या. तिन्हींवर तिथल्या बटेव्हियन पलटणीच्या अधिकाऱ्यांची नावे आहेत. देवाचे मंत्र हरवले, देणाऱ्यांची नावे राहिली.

पितळखोऱ्यातही तेच घडले. फरक एवढाच, की तिथे सरहद्दीवरचे शिपाई होते आणि इथे बाजारपेठेतली माणसे. पितळखोऱ्याच्या एका यक्षमूर्तीच्या हातावर ती घडवणाऱ्या कण्हदास सोनाराचे नाव आहे. सोनाराने दगडाला हात घातला आणि आपले नावही ठेवले.

मितदेवाच्या नावात वैदिक देव आहे आणि त्याच्या कुळाचे दान बौद्ध विहाराला आहे. नावावरून त्याची भक्ती ठरवता येत नाही, पण देणाऱ्या हाताला भिंती नव्हत्या हे दिसते. नाणेघाटातल्या सातवाहन लेखात तर संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य, यम, वरुण आणि कुबेर एकाच वंदनेत येतात.

हे दान परवडण्याइतका पैसा पैठणात होता. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्द्याने 'पेरिप्लस' या ग्रंथात लिहून ठेवले आहे, की भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण लागते आणि तिथून गोमेदासारखे रंगीत दगड गाड्यांत भरून, वाट नसलेल्या मुलखातून बंदरावर येतात. भूगोलकार टॉलेमीने पैठणचा उल्लेख सातवाहन राजा पुळुमावीची राजधानी म्हणून केला. मितदेव मात्र त्या आधीचा. पेठ नावारूपाला येत होती, तेव्हाच तिचे लोक डोंगरात खांब उभे करीत होते.

त्या पेठेची जमीन आजही पायाखाली आहे. गोदाकाठची उंच पांढरी म्हणजे शतकानुशतकांच्या वस्तीची माती. बाळासाहेब पाटील यांनी आयुष्यभर या मातीतून वेचलेल्या वस्तू पैठणच्या शासकीय संग्रहालयात आहेत. एका माणसाच्या चिकाटीने जे वाचले, ते एरवी घराच्या पायात किंवा खताच्या गाडीत गेले असते.

नाथषष्ठीला लाखो लोक पैठणला येतात. एकदा त्या संग्रहालयातही जा, आणि सवड काढून पितळखोऱ्याच्या पायऱ्या उतरा. पैठणकरांना एक विनंती: पाया खणताना मणी, मुद्रा, भाजल्या मातीची मूर्ती हाती लागली तर ती फेकू नका, विकू नका, पुरातत्त्व खात्याला कळवा. मितदेवाने आपला खांब आपल्याला दिला आहे. त्याची पेठ जपणे आपल्याकडे आहे.