मॉडिफाय केलेली जीप पुन्हा पुन्हा का तापते?

मंडळी, आजचा विषय थेट खिशाशी निगडित आहे. जुनी महिंद्राची जीप घ्यायची, तिला मोठे टायर, पुढे विंच, जाड लोखंडी बंपर आणि दिव्यांची पट्टी लावायची, कधी दुसऱ्या गाडीचं इंजिनसुद्धा बसवायचं; आणि ती तापायला लागली की एकेक भाग बदलत सुटायचं. आधी रेडिएटर, मग वॉटर बॉडी, मग थर्मोस्टॅट. पैसे जातात, काटा मात्र लाल रेषेपाशीच. याचं कारण असं की आपण 'काय बिघडलं?' हे विचारतो, 'कधी तापते?' हे विचारत नाही.

इंधनाच्या उष्णतेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग कामी येतो, तेवढाच सायलेन्सरमधून जातो आणि उरलेला बराचसा कूलंटला सोसावा लागतो. कूलंट ती उष्णता रेडिएटरपर्यंत नेतं, रेडिएटर ती हवेला देतो. म्हणजे प्रवाह दोन आहेत, पाण्याचा आणि हवेचा. कोणता अडलाय, ते ओळखायचं.

हायवेला गाडी ठीक चालते, पण लो गिअरमध्ये दगडांवरून चढताना तापते? मग संशय हवेवर घ्या, कारण तिथे वारा नसतो, सगळं फॅनवर असतं. उलट, हळू चालवताना ठीक आणि लांब घाटात किंवा वेगात तापते? मग रेडिएटर आतून चोंदलाय, लहान पडतोय किंवा पाणी पुरेसं फिरत नाही. आणि थंड इंजिन चालू केल्यावर चार-पाच मिनिटांतच काटा वर गेला, तर थर्मोस्टॅट अडकलाय, आत हवा राहिली आहे किंवा हेड गॅस्केट गेलंय.

मॉडिफाय केलेल्या गाडीत आमचा पहिला संशय हवेवरच असतो. फॅनभोवती जे कडं असतं, त्याला श्राउड म्हणतात. इंजिन बदलताना ते आडवं येतं म्हणून काढून कोपऱ्यात टाकलं जातं. पण त्याच्याशिवाय फॅन रेडिएटरच्या स्वतःसमोरच्या गोलातूनच हवा ओढतो, कोपरे कोरडेच. बॉडी लिफ्टचीही तीच गंमत. रेडिएटर बॉडीला बांधलेला असेल तर तो दोन इंच वर जातो, इंजिनावरचा फॅन खालीच राहतो.

इलेक्ट्रिक फॅन बसवला असेल तर तारा उलट जोडलेल्या नाहीत ना, ते बघा. उलटा फिरणारा फॅन आवाज तेवढाच करतो, पण समोरून येणाऱ्या वाऱ्यालाच ढकलत बसतो. फॅन चालू असताना ग्रिलसमोर कागद धरा. तो आत ओढला गेला पाहिजे. विंच आणि दिवे रेडिएटरच्या तोंडाशीच असतील तर ते हलवून बघा. कोकणातली लाल माती जाळीत वाळून बसली की हवा जाईलच कशी? ती इंजिनाच्या बाजूने, हलक्या धारेने धुवा. वॉशिंग सेंटरच्या जोरदार धारेने पातळ पत्र्या वाकतात. मोठ्या टायरमुळे त्याच गिअरात, त्याच वेगाला इंजिन कमी फेरे घेतं, म्हणजे पट्ट्यावर चालणारा फॅनही मंदावतो आणि इंजिनावरचा ताण मात्र वाढतो. हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही.

पाण्याकडे वळायचं तर तापमान मोजायची बंदूक घ्या. कोरोनाच्या काळातली कपाळावर धरायची नको बरं का, ती तापापुरतीच असते! गाडी गरम झाल्यावर रेडिएटरचा वरचा आणि खालचा होज पाइप मोजा. दोन्ही जवळजवळ सारखेच गरम असतील तर पाणी फिरतंय, पण हवा उष्णता नेत नाहीये. वरचा कढत आणि खालचा बराच थंड असेल तर पाणी अडतंय. इंजिन रेस केल्यावर खालचा पाइप आत चेपला जातोय का, हेही बघा.

'थर्मोस्टॅट काढून टाका, गाडी थंड राहील', हा सल्ला गॅरेजमध्ये हमखास मिळतो. आम्हाला तो पटत नाही. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो काढला की गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरला वळसा घालून तसाच इंजिनात परततो. झाकणही स्वस्त म्हणून दुर्लक्षित राहतं. ०.९ बारचं झाकण चांगलं असेल तर साधं पाणीसुद्धा सुमारे ११८ अंशांपर्यंत उकळत नाही; स्प्रिंग ढिली पडली की ते शंभरच्या आसपासच उकळतं.

हे सगळं ठीक असूनही कूलंट कमी होत असेल, रेडिएटरमध्ये बुडबुडे येत असतील, तर हेड गॅस्केटची चाचणी करून घ्या. निळं रसायन रेडिएटरच्या तोंडाशी धरतात. जळलेला वायू त्यात गेला की ते पिवळं पडतं. ही चाचणी टाळून गाडी पळवत राहिलात तर अ‍ॅल्युमिनियमचं हेड वाकतं, आणि मग खर्च कितीतरी पटीने वाढतो.

रानात काटा चढला तर जोर लावणं थांबवा, हीटर पूर्ण चालू करा, इंजिन न्यूट्रलमध्ये थोडं चालू ठेवा. काटा उतरतच नसेल किंवा पाणी बाहेर पडत असेल तर लगेच बंद करा. झाकणाला हात लावू नका, वाफेने चेहरा भाजतो. आणि तापलेल्या इंजिनात ओढ्याचं गार पाणी ओतू नका. अर्धा-पाऊण तास थांबा, वरचा पाइप हाताला सोसवेल इतका निवला की मगच झाकण उघडा.