बोलण्यातला आत्मविश्वास : काही इंग्रजी शब्दांची ओळख



आपल्याला इंग्रजी येत नाही, असे आपण म्हणतो खरे. पण रिकव्हरी, शेअर, लोन, ऑडिट, ट्रॉली, ड्रिप हे शब्द बांधावरच्या गप्पांतही सहज तोंडी येतात. मात्र विम्याचा अधिकारी किंवा यंत्राचा इंजिनिअर समोर बसून इंग्रजीत बोलू लागला, की आपण नुसती मान हलवतो. न समजलेल्या कागदावर सही होते आणि पुढे निस्तरत बसावे लागते. मुलामुलींचेही तेच. गुण भरपूर, पण मुलाखतीत तोंड उघडत नाही. म्हणून बोलण्यातल्या धिटाईशी संबंध असलेले काही इंग्रजी शब्द येथे समजावून देत आहोत.

शब्द सुटे पाठ करू नयेत. उसाच्या एका बुडख्याला जसे अनेक फुटवे येतात, तसेच शब्दांचेही असते. बुडखा ओळखला की फुटवे ध्यानात राहतात.

पहिला शब्द ‘कॉन्फिडन्स’, म्हणजे आत्मविश्वास. याच्या मुळाशी ‘विश्वास ठेवणे’ या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. सरकारी लखोट्यावर ‘कॉन्फिडेन्शियल’ लिहिलेले असते, तोही याच बुडख्याचा फुटवा. विश्वासाने सोपविलेली गोष्ट ती कॉन्फिडेन्शियल. ‘कॉन्फिडन्स’ हे नाम आणि ‘कॉन्फिडन्ट’ हे विशेषण. म्हणून ‘आय ॲम कॉन्फिडन्ट’ म्हणावे. ‘आय ॲम कॉन्फिडन्स’ हे चूक. फाजील विश्वास बाळगणारा तो ‘ओव्हरकॉन्फिडन्ट’.

दुसरा शब्द ‘फ्लुएन्ट’, म्हणजे अस्खलित. याचे मूळ ‘वाहणे’. ट्रॅक्टरच्या ब्रेकमध्ये आपण ‘फ्लुइड’ घालतो, तो शब्द याचाच भाऊ. पाटाचे पाणी न तुंबता सरीला लागावे, तसे बोलणे म्हणजे फ्लुएन्ट. भराभर बोलणे म्हणजे फ्लुएन्ट नव्हे, हे मुलांना जरूर सांगावे.

याच्या उलट ‘हेझिटेट’, म्हणजे अडखळणे, कचरणे. मूळ अर्थ ‘चिकटून बसणे’. चिखलात गाडी रुतावी तशी जीभ रुतते! ‘डोन्ट हेझिटेट टु आस्क’ असे कोणी म्हणाले, तर ‘विचारायला कचरू नका’ असा अर्थ घ्यावा आणि खुशाल विचारावे.

चौथा शब्द ‘ऑडिबल’, म्हणजे ऐकू येईल असे. आपल्या ओळखीचे ‘ऑडिट’ याच घराण्यातले. पूर्वी हिशेब मोठ्याने वाचून दाखवीत आणि तपासणारा तो ऐकत असे, म्हणून हिशेबतपासणीला ‘ऐकणे’ या अर्थाचे नाव पडले. याउलट तोंडातल्या तोंडात पुटपुटणे म्हणजे ‘मम्बल’. मुलाखतीत उत्तर बरोबर असूनही मम्बल केले, तर ते समोरच्यापर्यंत पोचतच नाही.

आता एक जोडी पाहू. ‘असर्टिव्ह’ म्हणजे ठाम आणि ‘ॲग्रेसिव्ह’ म्हणजे अंगावर जाणारा. वजनकाट्यावर ‘पावती दाखवा, मला आकडा पडताळायचा आहे’ असे शांतपणे सांगणारा सभासद असर्टिव्ह. आकडा न बघताच आरडाओरडा करणारा ॲग्रेसिव्ह. काम पहिल्याचे होते.

उच्चाराबाबत एक खूणगाठ बांधावी. उच्चार करणे म्हणजे ‘प्रोनाउन्स’; पण उच्चार या नामाला ‘प्रोनन्सिएशन’ म्हणतात, ‘प्रोनाउन्सिएशन’ नव्हे. शिकलेलेही येथे चुकतात.

शेवटी तीन वाक्ये पक्की करावीत. ‘आय हॅव अ क्वेश्चन’, म्हणजे मला एक प्रश्न विचारायचा आहे. ‘कुड यू प्लीज रिपीट दॅट?’ म्हणजे कृपया पुन्हा सांगता का? आणि ‘प्लीज एक्स्प्लेन इट इन मराठी’, म्हणजे हे मराठीत समजावून सांगा. ही तीन वाक्ये बोलता आली, तरी न समजता सही करण्याची पाळी सहसा येणार नाही. तिसरे वाक्य म्हणायला तर मुळीच लाजू नये. आपले पैसे, आपली जमीन, आपली सही. समजून घेणे हा आपला हक्कच आहे.

रोज रात्री जेवणानंतर एकच शब्द घ्यावा. मुलाने तो मोठ्याने उच्चारावा, आईवडिलांनी त्याचे एकेक वाक्य करावे, आणि चुकले तर हसू नये. हसण्याने पोर गप्प होते, ते पुन्हा लवकर बोलत नाही. आपल्या वार्षिक सभेत मात्र खुशाल मराठीतच बोला. तेथे प्रश्न मुद्द्याचा आणि आवाज ऑडिबल असला, म्हणजे झाले.