'लिमिटेड एडिशन' घडीचा चाकू : पैसे रंगाचे की पात्याचे? घेण्याआधी आणि खिशात टाकण्याआधी हे वाचा

मोबाईलवर घडीच्या चाकूचा एखादा व्हिडिओ बघितला, की पुढचे चार दिवस तसलेच व्हिडिओ आणि जाहिराती समोर येत राहतात. चकचकीत मूठ, पात्यावर कोरलेलं साल आणि खाली मोठ्या अक्षरात 'लिमिटेड एडिशन, थोडेच नग शिल्लक'. गावाकडच्या तरुणांमध्येही असे चाकू जमवण्याची हौस वाढते आहे. हौसेला मोल नसतं हे खरं. पण जास्तीचे पैसे नेमके कशाचे जातात आणि तो चाकू खिशात घेऊन फिरलं तर कायदा काय म्हणतो, या दोन गोष्टी घेण्याआधी माहीत हव्यात.

सैनिकांच्या खिशातून सुरुवात

या चाकूंमध्ये सगळ्यात ओळखीचं नाव स्वित्झर्लंडच्या व्हिक्टोरिनॉक्सचं. कार्ल एल्सनर या कारागिराने १८८४ मध्ये श्वीझ भागातल्या इबाख गावी चाकूंचा कारखाना काढला. १८९१ मध्ये त्याने स्विस सैन्याला चाकू पुरवले. सैनिकाला दोन कामं करायची होती : डबाबंद जेवणाचा डबा उघडणं आणि बंदूक खोलणं. म्हणून एकाच मुठीत पातं, टोच्या, डबा उघडायचं हत्यार आणि स्क्रू ड्रायव्हर बसवले.

१८९७ मध्ये त्याने अधिकाऱ्यांसाठी हलका चाकू काढला आणि तोच पुढे जगभर गेला. १९०९ मध्ये एल्सनरची आई वारली. तिचं नाव व्हिक्टोरिया. ते कारखान्याला दिलं. पुढे १९२१ मध्ये न गंजणारं पोलाद वापरायला लागल्यावर त्या पोलादाचं नाव 'इनॉक्स' मागे जोडलं. अशी व्हिक्टोरिनॉक्स ही खूण तयार झाली.

दरवर्षी नवा रंग

ही कंपनी आपल्या ॲल्युमिनियमच्या मुठीच्या चाकूंची खास आवृत्ती वर्षाला एक या हिशेबाने काढते. या मुठीला 'ॲलॉक्स' म्हणतात. तिच्यावर दाबून उठवलेली बारीक नक्षी असते, त्यामुळे घामाच्या हातातूनही चाकू सटकत नाही. २०१९ चा रंग फिकट सोनेरी होता, २०२१ चा नारिंगी, २०२३ चा जांभळट, तर २०२४ चा मातकट तपकिरी. चाकूवर त्या त्या वर्षाचा आकडा कोरलेला असतो. वर्ष सरलं की पुढचा रंग येतो. म्हणूनच जमवणाऱ्यांची धावपळ असते.

हौशी लोकांच्या गप्पा सुरू होतात त्या इथून. यंदाचा रंग बरा की गेल्या सालचा? ५८ मिलिमीटरचा छोटा 'क्लासिक' किल्ल्यांना अडकवावा, की ९३ मिलिमीटरचा 'पायोनियर' घ्यावा? पायोनियरमध्ये मोठं पातं, टोच्या, डबा उघडायचं आणि बाटली उघडायचं हत्यार असतं. शेवटच्या दोन्हींच्या टोकाला स्क्रू ड्रायव्हर असतो. 'पायोनियर एक्स' घेतला तर त्यात कात्रीही मिळते. नेहमीच्या लाल प्लास्टिकच्या मुठीत दात कोरायची काडी आणि चिमटा बसवलेला असतो. ॲलॉक्सच्या पातळ मुठीत त्यांना जागा नसते. काहींना ती उणीव वाटते, काहींना चाकू खिशात चपटा बसतो याचं समाधान.

बदलतं काय आणि तेच राहतं काय?

जास्तीचे पैसे मोजण्याआधी समजून घ्यायची गोष्ट हीच. या रंगीत आवृत्तीत रंग बदलतो, साल बदलतं. पोलाद, स्प्रिंग आणि हत्यारं मात्र नेहमीच्या ॲलॉक्स चाकूचीच असतात. म्हणजे सुतळी कापायला साधा चंदेरी पायोनियर आणि त्या वर्षीचा रंगीत पायोनियर सारखाच. जास्तीचा पैसा जातो तो हौसेचा.

दुसरा प्रकार वेगळा आहे. हीच कंपनी दमास्क पोलादाच्या पात्याचे चाकूही मोजक्या संख्येत काढते. वेगवेगळ्या पोलादांचे थर एकत्र करून हे पातं घडवतात, त्यामुळे त्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी दिसते. प्रत्येक नगावर क्रमांक असतो. इथे पातंच वेगळं असल्यामुळे किंमत कितीतरी वर जाते. पण असा चाकू कोणी खताची गोणी फोडायला काढत नाही, तो कपाटातच राहतो.

तेव्हा 'लिमिटेड एडिशन' दिसलं की आधी एकच विचारायचं : यात पातं बदललंय, की नुसती मूठ? आपल्याकडे विळा घेताना कोणी रंग बघत नाही. पोलाद बघतात, मूठ हातात धरून बघतात. चाकूचंही तेच आहे.

कामासाठी घ्यायचा तर तीन गोष्टी बघा

पोलाद : पोलादाचा कडकपणा 'रॉकवेल' या मापात सांगतात. व्हिक्टोरिनॉक्सचं नेहमीचं पातं साधारण ५६ रॉकवेलचं असतं. याहून कडक पोलादाची धार जास्त दिवस टिकते, पण ती लावायला मेहनत पडते आणि कडेचे टवके उडू शकतात. ५६ च्या पात्याची धार लवकर जाते, पण साध्या दगडावर पाच-दहा मिनिटांत परत येते. शेतातल्या रोजच्या वापराला हेच सोयीचं.

लॉक : पायोनियरसारख्या चाकूला लॉक नसतं. पातं नुसत्या पाठीच्या स्प्रिंगवर उभं राहतं. ओढून कापताना काही होत नाही. पण टोक खुपसून जोर दिला तर पातं उलटं मिटतं आणि थेट बोटांवर येतं. भोक पाडायला पातं वापरूच नका, त्यासाठी टोच्या दिलेला आहे. तोही बेताने वापरा, कारण त्यालाही लॉक नाही.

सांधा : पातं उघडताना अडखळतं का, उघडल्यावर डावी-उजवीकडे हलतं का, ते बघा. शेतातली माती आणि फळाचा चीक सांध्यात बसतो. कोमट पाण्यात चार-पाच वेळा उघडझाप करून धुवा, नीट वाळवा आणि तेलाचा एक थेंब सोडा. स्टेनलेस असलं तरी ओला चाकू तसाच मिटून ठेवला तर डाग पडतातच.

कायद्याचं काय?

केंद्राच्या शस्त्र नियमांनुसार ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचा चाकू शस्त्रांच्या यादीत येतो. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारं त्यातून वगळलेली आहेत. पायोनियरचं पातं तीन इंचांच्या आतलं आहे, म्हणजे या मापात तो बसत नाही.

पण एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. सणवार, निवडणूक किंवा तणावाच्या काळात जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम ३७ (१) लागू होतं, त्याच्या बातम्या आपण वाचतोच. त्या आदेशात तलवारी, भाले, सुरे, लाठ्या यांच्याबरोबर शारीरिक इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू बाळगायला मनाई करता येते. तिथे पात्याची लांबी विचारली जात नाही. आदेश मोडला तर कलम १३५ खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. त्यामुळे शेतात सोबत असलेला चाकू मिरवणुकीत, सभेत किंवा जत्रेत जाताना घरी ठेवून जाणं शहाणपणाचं.

बटण दाबताच फटकन उघडणारे चाकू हा तर आणखी वेगळा प्रकार. दिल्लीत अशा चाकूंवर स्वतंत्र अधिसूचना आहे. पातं ७.६२ सेंटिमीटर किंवा त्याहून लांब आणि १.७२ सेंटिमीटर किंवा त्याहून रुंद असेल तर तो चाकू तिच्यात येतो. व्हिडिओत रुबाबदार दिसतो म्हणून असला चाकू मागवणं अंगाशी येऊ शकतं. विमानातही हातातल्या बॅगेत चाकू चालत नाही, तो जमा करायच्या सामानात टाकावा लागतो.

नियम बाहेरच्या देशांतही कडक आहेत. ब्रिटनमध्ये विनाकारण खिशात ठेवता येतो तो फक्त लॉक नसलेला, तीन इंचांपर्यंतच्या पात्याचा घडीचा चाकू. अशा नियमांमुळे खुद्द व्हिक्टोरिनॉक्सनेही, पातंच नसलेलं खिशातलं हत्यार बनवण्यावर काम सुरू असल्याचं २०२४ मध्ये जाहीर केलं.

थोडक्यात

- रंग आणि साल यासाठी जास्त पैसे देताय, की पात्यासाठी, हे आधी ठरवा.
- पात्याच्या बुडाशी बनवणाऱ्याचं नाव आणि देश कोरलेला आहे का बघा. विकणारा जवळून काढलेला फोटो देत नसेल तर व्यवहार टाळा.
- लॉक नसलेल्या चाकूचं टोक खुपसून काम करू नका. लहान मुलांच्या हाती देऊ नका.
- बटणाचा चाकू घेऊ नका. गर्दीत जाताना साधाही सोबत नेऊ नका.
- चाकू हातात धरून फोटो किंवा रील टाकू नका. हौसेचा फोटो बघणाऱ्याला धमकी वाटला, तर खुलासा करायला पोलीस ठाण्यात जावं लागेल.