नडगी धरली? आधी चाला, मग पळा

पहिल्या मॅरेथॉनच्या तयारीत माझी नडगी धरली. चूक माझीच! आठवड्याचं अंतर एकदम दुप्पट केलं, तेही सोलापुरातल्या विजापूर रोडच्या डांबरावर.

तेव्हा कळलेली सगळ्यात कामाची गोष्ट सांगतो. नडगीच्या आतल्या कडेने वीतभर दुखत असेल तर तो बहुतेक वेळा ताण असतो. पण एका बोटाने दाखवता येईल अशा जागी दुखतंय, रात्रीही ठणकतंय, तर हाडाला बारीक चीर असू शकते. मग पळणं बंद, थेट हाडांच्या डॉक्टरांकडे. सुरुवातीला ही चीर साध्या एक्स-रेत अनेकदा दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसते.

परत कसं सुरू करायचं? आधी अर्धा तास न दुखता चालता आलं पाहिजे. मग १ मिनिट पळा, २ मिनिटं चाला. कंबर तलावाकाठी मी हेच केलं. फिरायला आलेले आजोबा मला मागे टाकायचे! दुसऱ्या दिवशी सकाळी पाय कुरकुरला तर एक पायरी मागे या. दम लवकर परत येतो, हाडं आणि कंडरा सावकाश. फसगत इथेच होते. जोडीला टाचा उचलून पोटऱ्यांचा व्यायाम. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा उजाडायच्या आत उरका.

बेळगावचे फडेप्पा चौगुले १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिक मॅरेथॉनमध्ये १९ वे आले होते. म्हणजे हे अंतर आपल्या भागाला नवं नाही आणि ते कुठे पळूनही जात नाही.

तेवढं वेदनाशामक गोळी घेऊन पळू नका.