ओळीत कोण उभं आहे?

जळगावची जैन इरिगेशन शेअर बाजारात नोंदलेली कंपनी आहे. अशा प्रत्येक कंपनीला 2013च्या कंपनी कायद्यानुसार वार्षिक अहवालात एक आकडा छापावाच लागतो : प्रत्येक संचालकाचं वेतन कर्मचाऱ्यांच्या मध्यक वेतनाच्या किती पट आहे. मध्यक म्हणजे सरासरी नव्हे. सगळ्यांना पगाराप्रमाणे ओळीनं उभं केलं, तर बरोबर मधल्या माणसाला जे मिळतं ते. वरचे चार गलेलठ्ठ पगार सरासरी फुगवतात; मध्यक त्यांनी हलत नाही. लंडनची हाय पे सेंटर ही संस्था दर जानेवारीत हिशोब मांडते, की सामान्य कामगाराची वर्षभराची कमाई बड्या कंपनीच्या प्रमुखानं कोणत्या दिवशी गाठली. अलीकडे तो दिवस पहिल्याच आठवड्यात येतो.

खानदेशात मात्र आधी विचारावं लागतं, की ओळीत उभं आहे कोण? ठेकेदाराची माणसं कंपनीच्या पटावर नसतात. समजा, एका कारखान्यात 201 कायम कामगार आहेत. सर्वांत कमी पगार 20 हजार, मधला 30 हजार. संचालकाला महिना 15 लाख, म्हणजे 50 पट. आता त्याच गेटातून आत जाणारे, 13 हजारांवर राबणारे ठेक्याचे 200 जण ओळीत घ्या. मधला माणूस सरकून 20 हजारांवर येतो आणि 50 पटीचे 75 पट होतात. कुणाच्याही पगारात एक रुपयाचा फरक न पडता! जळगावच्या डाळ मिल, चटईचे कारखाने, दोंडाईच्याचा मिरची बाजार यांतल्या बहुतेकांना तर हा नियम लागूच नाही. सावद्याला खांद्यावरून केळीचे घड गाडीत भरणाऱ्या टोळीची मजुरी कुठल्याच अहवालात येत नाही.

यावर हमखास म्हटलं जातं, की मालकाचा पैसा मालकाचा, आणि वरचा पगार वाटून टाकला तरी कामगाराच्या पदरात काय पडणार? दहा हजार कामगारांत 15 लाख वाटले, तर प्रत्येकी दीडशे रुपये. हिशोब खरा आहे. पण प्रश्न वाटपाचा नाही, पगार ठरतो कसा याचा आहे. मोठ्या नोंदलेल्या कंपनीत संचालकांच्या मानधनासाठी समिती असते. इतर कंपन्या किती देतात ते समोर ठेवूनच ती शिफारस करते. ठेक्यावरच्या बाईला शेजारच्या शेडमधला दरही ठाऊक नसतो. तिच्यासाठी किमान वेतनाची अधिसूचना, तीही कुणी अमलात आणली तर. बाजारभावानं पगार ठरतो म्हणायचं, तर भाव दोघांनाही दिसायला हवा. ही मागणी म्हणजे पोटदुखी, असं मला मुळीच वाटत नाही.

जागतिक विषमता प्रयोगशाळेच्या 2024च्या अभ्यासानुसार 2022-23 साली देशाच्या उत्पन्नातला 22.6 टक्के वाटा वरच्या एक टक्क्याकडे गेला. हा देशाचा आकडा. त्यात धुळ्याची अवधान एमआयडीसी वेगळी दिसत नाही. ती दाखवण्याचं काम इथल्याच संस्थेनं करायला हवं. जळगावात 1990पासून विद्यापीठ आहे; जळगाव, धुळे, नंदुरबारची महाविद्यालयं त्याच्याकडे आहेत. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी पाळी सुटताना गेटावर उभं राहून तीनच गोष्टी विचाराव्यात : हातात किती येतात, कोण देतं, आणि खाडा झाला तर किती कापतात.