बोलते तवरक

आईच्या घरचा आवाज गेल्या दिवाळीपासून फक्त कमी होत होता, वाढत नव्हता. होम थिएटरच्या रिमोटवरचे आवाज वाढवायचे बटण मेले होते आणि कमी करायचे शाबूत होते. एकदा आवाज खाली गेला की वर आणायला उठून टीव्हीपर्यंत जावे लागे, आणि आईच्या गुडघ्यांना ती सहा पावले जड जात. म्हणून तिने आवाज कमी करणेच सोडून दिले. तिचा अमरावतीहून फोन आला की मागे तुकडोजी महाराजांच्या भजनांची खंजिरी दणाणत असायची आणि आईचे पहिले वाक्य त्यात बुडून जायचे.

होम थिएटर बाबांचे. कोणत्या कंपनीचे नाही. एका कारागिराकडून असेंबल करून घेतलेले. आत 4440 आयसीचे बोर्ड, बाहेर सहा पेट्या, पुढच्या पट्टीवर पेनड्राइव्हची खाच. बाबा गेल्यावर आईने त्या घरातले बरेच काही देऊन टाकले, हे ठेवले. कंपनीच नाही म्हटल्यावर कंपनीचा रिमोट कुठून मिळणार? अमरावतीच्या राजकमल चौकाजवळच्या एका दुकानात दुकानदाराने भिंतीवरचे तीन रिमोट रोखून पाहिले आणि साउंडबारचे भाव सांगायला सुरुवात केली. बाहेर पडताना तिथलाच कामावरचा मुलगा हळूच म्हणाला, "अकोल्याले एक काका हायेत. ते रिमोटले शिकवतात."

दुरुस्त करतात, विकतात, असे तो म्हणाला असता तर मी कदाचित गेले नसते. 'शिकवतात' हा शब्द मनातून जाईना. शेवटी एप्रिलच्या अखेरीस आईकडून रिमोट घेतला, तिने तो पन्नीसकट दिला, आणि अमरावतीहून अकोल्याची एसटी धरली. मूर्तिजापूर येईपर्यंत खिडकीची लोखंडी पट्टी हात लावू देईना.

टिळक रोडच्या मागच्या बोळीत एका जिन्याखाली काकांची जागा आहे. दोन माणसे बसली की तिसऱ्याने उभे राहायचे. तिन्ही भिंतींवर खिळे आणि खिळ्यांवर रिमोट, काही गठ्ठ्याने रबरबँड लावून. पहिला येतो तो वास: सोल्डरिंगच्या पेस्टचा धूर, त्यात पेट्रोल, आणि त्याखाली काहीतरी आंबट. हा आंबट वास गळलेल्या सेलचा, हे नंतर कळले. काका जुन्या टूथब्रशने, पेट्रोलचा थेंब घेऊन, सेलच्या स्प्रिंगवरची पांढरी-हिरवी बुरशी घासत होते. साठीच्या आसपासचे असतील. गळ्यात पांढरा दुपट्टा. आमच्याकडे उन्हाळ्यात तो सगळ्यांच्याच डोक्याला असतो. त्यांचा मात्र वेगळ्या कामाला येतो, ते पुढे.

माझ्या आधी बार्शीटाकळीकडचा एक शेतकरी आला होता. टीव्हीवर नाव एका कंपनीचे, दोन वेळा त्याच नावाचा रिमोट नेला, दोन्ही वेळा टीव्ही ढिम्म. काकांनी पहिला प्रश्न विचारला, "आतलं किट बदललं काय?" बदलले होते. विजेने मूळ बोर्ड जळाले आणि मेकॅनिकने बाजारातले युनिव्हर्सल बोर्ड बसवले. आता खोक्यावर नाव एक आणि आतले पोट दुसरेच. रिमोट पोटाशी बोलतो, नावाशी नाही. काकांनी एक वही उघडली, दोन पाने उलटली, भिंतीवरचा एक रिमोट काढून दिला. त्या वहीत त्यांच्या हाताने लिहिलेली कंपन्यांची नावे, आतल्या बोर्डांचे आकडे आणि कशाला काय चालते याची टिपणे आहेत. कडा तेलकट झाल्या आहेत.

माझा रिमोट हातात घेऊन त्यांनी पन्नी काढली, पारखल्यासारखा उलटा केला आणि माझा मोबाइल मागितला. कॅमेरा उघडला, रिमोटचे तोंड त्याच्याकडे धरले आणि बटणे दाबू लागले. पडद्यावर रिमोटच्या टोकाला जांभळट उजेड लुकलुकू लागला. नुसत्या डोळ्यांनी पाहिले तर काळे, काहीच नाही.

"डोयाले दिसत नाई, पन मोबाइलले दिसते," ते म्हणाले. "आता हे पाहा." आवाज वाढवायचे बटण. अंधार. कमी करायचे. उजेड. "बाकीचा बराच बोलते अजून. हे मुकं झालं."

मी विचारले की हा उजेड सलग का नाही, फडफडतो का आहे. त्यांनी बाहेर बोळीच्या तोंडाशी पसरलेल्या उन्हाकडे बोट केले. "तेबी हाच उजेड हाय ताई. मंग टीव्हीले कसं समजीन, की हा सूर्य का हा रिमोट? म्हनून रिमोट डोये मिचकावते. एका सेकंदात अडतीस हजार वेळा."

38 हजार. मला तो आकडा अंगावर आल्यासारखा वाटला. दुपारी एक वाजता अकोल्यात उभे राहून जी काहिली कातडीला कळते, तिच्यात सूर्याच्या अवरक्त किरणांचा मोठा वाटा असतो. विल्यम हर्शेल या शास्त्रज्ञाने 1800 साली लोलकातून पडलेल्या रंगपट्ट्यात तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे काहीच दिसत नव्हते तिथे तापमापक ठेवला आणि पारा चढलेला पाहिला. त्याच अदृश्य उजेडात रिमोट बोलतो. सूर्य सलग तापतो. रिमोटचा बारकासा दिवा सेकंदाला 38 हजार वेळा विझतो आणि पेटतो, आणि टीव्हीच्या तोंडाशी बसवलेला काळा डोळा तेवढीच उघडझाप वेगळी काढतो. सगळ्या कंपन्यांची लय सारखी नाही. फिलिप्सच्या जुन्या पद्धतीची 36 हजार, सोनीची 40 हजार. पण आपल्याकडच्या बाजारात जे सर्रास मिळते ते बहुतेक 38 चेच, आणि काकांच्या तोंडी तो आकडा घरच्या माणसाच्या नावासारखा येतो. रिमोट पडून बंद झाला असेल तर ते आतला चिंचोक्याएवढा चौकोनी तुकडा बदलतात. तो सेकंदाला 4 लाख 55 हजार वेळा थरथरतो. त्याला बाराने भागले की 38 च्या जवळ येते. फरशीवर आपटले की तोच तडकतो. "बायकोचा राग निंघते रिमोटवर, अन् जाते हा बिचारा," असे म्हणत त्यांनी तडकलेल्या तुकड्यांची डबी मला हलवून दाखवली. दोन मुठी तरी असतील.

या उघडझापीवर मग भाषा रचलेली असते. एनईसी या जपानी कंपनीने बसवलेली रीत सर्वांत जास्त चालते. आधी 9 मिलिसेकंदांची लांब हाक, मग साडेचार मिलिसेकंद शांतता, आणि मग 32 खुणा. दोन ठिणग्यांमधली शांतता आखूड असेल तर शून्य, लांब असेल तर एक. पहिल्या आठ खुणा कोणाशी बोलायचे ते सांगतात आणि पुढच्या आठ तेच उलटे करून सांगतात. मग आठ खुणांत हुकूम, आणि आठ खुणांत तोच हुकूम उलटा. ऐकणाऱ्याने दोन्ही ताडून पाहायचे, जुळले तरच मानायचे. पूर्ण वाक्याला सेकंदाचा पंधरावा भाग लागतो. मला यातली उलट्याची सोय फार आवडली. आपण एखाद्याला निरोप देतो आणि म्हणतो, "काय सांगितलं, परत सांग पाहू," तसेच हे आहे.

काकांना हे मिलिसेकंद माहीत नाहीत, त्यांना लागतही नाहीत. शिकणाऱ्या रिमोटलाही यातला अर्थ कळत नाही. समोरच्याने किती वेळ उजेड दाखवला, किती वेळ गप्प राहिला, एवढेच तो पाठ करतो आणि बटण दाबले की जसेच्या तसे म्हणून दाखवतो. आम्ही पावकी-निमकी अशीच शिकलो होतो. अॅपल कंपनीचा सहसंस्थापक स्टीव्ह वॉझ्नियाक याने ती कंपनी सोडल्यावर 1987 मध्ये नेमका असाच शिकणारा रिमोट बाजारात आणला होता. आज आपल्या सेट-टॉप बॉक्सच्या कितीतरी रिमोटांवर टीव्हीसाठी म्हणून जी चार बटणे वेगळी दिलेली असतात, ती हेच काम करतात. बहुतेक घरांत त्यांना कोणी हात लावत नाही.

आईच्या टीव्हीचा आणि सेट-टॉप बॉक्सचा रिमोटही मी सोबत नेला होता. काकांचा बेत साधा होता. टीव्हीचा स्वतःचा आवाज कायमचा बंद ठेवायचा आणि त्या चार बटणांत टीव्हीचे चालू-बंद, होम थिएटरचा आवाज वर, आवाज खाली आणि पेनड्राइव्हवरून टीव्हीवर जायचे 'मोड' बसवायचे. आईच्या हातात एकच रिमोट राहील. पण यात आवाज वर हे बटण तर मुके.

मला वाटले, आता ते नाही म्हणतील. त्यांनी पातळ पेचकस रिमोटच्या फटीत घालून कट्कट् करत कडेने फिरवला. रिमोट पुस्तकासारखा उघडला. आत साखरेचे दोन दाणे होते, हळदीचा पिवळा डाग होता, आणि रबराच्या चटईच्या पाठीला प्रत्येक बटणाखाली एक काळी टिकली. आवाज वाढवायच्या बटणाखालची टिकली झिजून राखाडी, गुळगुळीत झाली होती. बारा वर्षे तिथेच अंगठा पडला होता. बाबांचाच बहुतेक, त्यांना कमी ऐकू यायचे.

काकांनी चटई बाजूला ठेवली. खाली हिरवी पट्टी, तिच्यावर त्या बटणाच्या जागी कंगव्याचे दोन तुकडे एकमेकांत घुसवावेत पण टेकू देऊ नयेत अशा दोन काळ्या रेघा. "बटन गेलं. त्याचं बोलनं नाई गेलं," ते म्हणाले. टिकलीचे काम एवढेच, की त्या दोन रेघा जोडायच्या. तिथे चिमटा टेकवला तरी चालते.

मग ट्यूबलाइट बंद केली. तिचा उजेडही मध्ये लुडबुडतो. सेट-टॉप बॉक्सच्या रिमोटचे एक बटण दाबून धरले, तांबडा दिवा स्थिर झाला, ज्या बटणाला शिकवायचे ते एकदा दाबले. दोन्ही रिमोट पाटावर समोरासमोर, तोंडात दोन बोटांचे अंतर. आणि गळ्यातला दुपट्टा काढून त्यांनी दोघांवर पांघरला. चार घड्या केलेला, जाड. बाहेरचे ऊन आत येऊ नये म्हणून. दुपट्ट्याखाली हात घालून, न पाहता, त्यांनी चिमटा त्या उघड्या रेघांवर टेकवला.

काही झाले नाही. तांबडा दिवा तसाच. दुसऱ्यांदाही नाही. त्यांनी दुपट्टा उचलला, पेट्रोलचा बोळा रेघांवर फिरवला, फुंकर मारली, पुन्हा पांघरला. मी श्वास धरून बसले होते हे मला नंतर जाणवले. तिसऱ्यांदा दुपट्ट्याच्या कडेखाली तांबडा दिवा दोनदा लुकलुकला.

"शिकला," काका म्हणाले.

बाकीची तीन बटणे पाच मिनिटांत झाली.

ट्यूबलाइट लावल्यावर ते माझ्यावर थोडे रागावलेच. लोक रिमोट पूर्ण गेल्यावर आणतात. सेल गळून पट्टी खाल्ली, पाण्यात पडला, लहान पोराने चावला, मग आणतात. तेव्हा शिकवणार कोण? "जुना बोलते तवरक आना ना बाप्पा. बोलते तवरक त्याच्याकून घेऊन घ्या. मेल्यावर मी कोनाले विचारू?" दिवसातून चार-पाच जणांना तरी हेच सांगावे लागते, असे ते म्हणाले. 2021 मध्ये लॉजिटेक कंपनीने अनेक यंत्रे एकट्याने चालवणारे तिचे प्रसिद्ध हार्मनी रिमोट बनवणे थांबवले. तरी जगभरच्या हजारो यंत्रांचे संकेत तिच्या साठ्यात गोळा आहेत. आईच्या होम थिएटरसारख्या बिननावाच्या पेट्यांचे संकेत कोणत्या साठ्यात असतील? वऱ्हाडातल्या घरांत अशा पेट्या आहेत, आणि त्यांची भाषा त्यांच्या एकुलत्या एका रिमोटात आहे. शाओमीच्या बऱ्याच फोनांत रिमोटचा दिवा असतो, त्यात तयार याद्याही असतात. यादीत नाव शोधायचे तर आधी नाव हवे. मला तर या जिन्याखालच्या माणसाचे काम त्या याद्यांपेक्षा मोठे वाटते, आणि ते तेवढे मोठे मोजले जात नाही याचे वाईट वाटते. त्यांनी माझ्याकडून दीडशे रुपये घेतले.

नवे टीव्ही येतात त्यांतल्या बऱ्याचशांचे रिमोट ब्लूटूथने बोलतात. त्यांना हात लावत नाही, असे काका म्हणाले. ते आपल्याच टीव्हीशी जोडी जमवतात. दुपट्ट्याखाली दुसऱ्याला काही सांगत नाहीत. पुढच्या गिऱ्हाइकाचा रिमोट हातात घेऊन त्यांनी सवयीने त्याचाही मोबाइल मागितला.

संध्याकाळी अमरावतीला पोचले. आईने बटण दाबले आणि आवाज वर चढला. तिने आणखी दाबले. खंजिरी भिंतींना लागू लागली, शेजारच्या काकू दारात आल्या. मग आईने आवाज खाली आणला, परत वर नेला, परत खाली. बराच वेळ तिचे हेच चालले होते.

रात्री जेवताना तिने विचारले, "पुढचं भजन लावायचं बटण कुठं आहे यात?" ते नव्हते. चारच जागा होत्या. मी सांगितले की जास्त बटणांचा शिकणारा रिमोट मिळतो, पुढच्या महिन्यात अकोल्याला जाईन. जुन्या रिमोटचे झाकण काकांनी परत बसवून दिलेच होते. मी आईला मोबाइलमधला जांभळा उजेड दाखवला, आणि 38 हजारही सांगितले. ती काही बोलली नाही. तिने घरातला दिवा मालवला, चष्मा लावला, माझा मोबाइल टेबलावरच्या तांब्याला टेकवून उभा केला आणि त्याच्यासमोर जुना रिमोट धरून वरच्या ओळीपासून एकेक बटण दाबू लागली. उजेड आला की दुसऱ्या हाताने कागदावर रेघ, नाही आला तर फुली. आवाज वाढवायच्या बटणापाशी तिने तीनदा दाबले, फुली मारली आणि पुढे गेली. पुढच्या भजनाचे बटण उजळले. 26 पैकी 19 बोलत होती.