‘आम्ही तुम्हाला कळवू’ म्हणजे काय?

खाजगी क्षेत्रात आरक्षणाची मागणी पुढे आली की या देशातील उद्योगपतींचे उत्तर ठरलेले असते. आमच्याकडे जात चालत नाही, गुणवत्ता चालते! संगणकाच्या कंपन्या तर हे अधिकच ठासून सांगतात. त्यांचे म्हणणे असे की यंत्राला जात नसते, संगणकाच्या आज्ञावलीला आडनाव नसते. ज्याला काम येते त्याला नोकरी मिळते. ऐकायला हे छान वाटते. आमचा प्रश्न एवढाच आहे की ही गुणवत्ता मोजतो कोण, कशाने मोजतो, आणि ते मोजमाप बंद दाराआडच का होते?

आमच्या माहितीतील एका तरुणाचे उदाहरण घ्या. मराठवाड्यातील तालुक्याच्या गावचा हा मुलगा. वडील नगरपालिकेत सफाई कामगार. पुण्यात समाजकल्याणच्या वसतिगृहात राहून, शिष्यवृत्तीच्या हप्त्याची वाट बघत बघत त्याने अभियांत्रिकीची पदवी चांगल्या गुणांनी मिळवली. एका मोठ्या संगणक कंपनीत त्याने अर्ज केला. दहावी, बारावी आणि पदवी तिन्हीकडे साठ टक्के हवेत आणि शिक्षणात एका वर्षाचाही खंड नको, ही पहिली चाळणी. ती तो पार झाला. मग ऑनलाइन परीक्षा. कॅमेऱ्यासमोरून हलायचे नाही, नेट तुटले तर परीक्षा बाद. वसतिगृहातील नेटचा भरवसा नाही म्हणून दापोडीतल्या मित्राच्या खोलीवर जाऊन त्याने ती दिली. मग दोन दिवसांत घरी करून पाठवायचे काम, अर्थातच फुकट. मग दोन तांत्रिक मुलाखती. सगळीकडे पास.

शेवटी मनुष्यबळ विभागाची मुलाखत. तिथे संगणकाचा एकही प्रश्न नाही. ‘मूळचे कुठले?’ ‘वडील काय करतात?’ ‘नगरपालिकेत आहेत.’ ‘कोणत्या पदावर?’ ‘सफाई विभागात.’ ‘पुण्यात कुठे राहत होता?’ ‘समाजकल्याणच्या वसतिगृहात.’ जात कुणीही विचारली नाही. विचारण्याची गरजच उरली नव्हती! मुलाखत संपली आणि उत्तर मिळाले, ‘आम्ही तुम्हाला कळवू.’

दोन महिने काहीही कळवले नाही. मेलला उत्तर नाही, फोन कुणी उचलत नाही. कंपनीच्या पोर्टलवर त्याच्या नावापुढे एकच शब्द, ‘विचाराधीन’. दरम्यान एका लहान कंपनीने पंधरा हजारांवर रुजू व्हायला सांगितले होते. मोठ्या कंपनीच्या आशेवर त्याने मुदत मागितली आणि तीही जागा गेली. शेवटी एका ओळीचा नकार आला. तोही अशा पत्त्यावरून, की ज्यावर उलट उत्तर पाठवता येत नाही.

हा नकार जातीमुळेच होता, असे आम्ही म्हणत नाही. म्हणता येत नाही, हेच तर खरे दुखणे आहे. कारण दिले नाही, गुण दाखवले नाहीत, निवड कुणाची झाली ते सांगितले नाही. जिथे काहीच नोंद नाही तिथे अन्याय झाला हे सिद्ध होत नाही आणि न्याय झाला हेही सिद्ध होत नाही. मग एका मुलाच्या अनुभवावरून नव्हे, तर अभ्यासकांनी जे तपासले त्यावरून बोलू.

विद्यापीठ अनुदान आयोगाचे तत्कालीन अध्यक्ष प्रा. सुखदेव थोरात आणि अमेरिकन अभ्यासक पॉल अ‍ॅटवेल यांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. वर्तमानपत्रांतील ५४८ जाहिरातींना त्यांनी ४८०८ अर्ज पाठवले. शिक्षण सारखे, फक्त आडनावे वेगळी. सवर्ण आडनावाच्या तुलनेत दलित आडनावाच्या अर्जाला बोलावणे येण्याचे प्रमाण दोन तृतीयांश निघाले आणि मुस्लिम नावाचे एक तृतीयांश. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी दिल्ली परिसरातील २५ मनुष्यबळ व्यवस्थापकांच्या मुलाखतींवर लिहिले. हे सारे गुणवत्तेच्या गोष्टी करत होते आणि त्याच दमात उमेदवाराची ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’ महत्त्वाची मानत होते. पार्श्वभूमी हा जातीला दिलेला सभ्य शब्द नव्हे तर काय आहे?

विरोधकांच्या सोयीचा पुरावाही आम्ही लपवणार नाही. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या दिल्लीतील अशाच एका प्रयोगात सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांसाठी अर्जाच्या पातळीवर जातीचा लक्षणीय फरक आढळला नाही. मग आमची तक्रार खोटी का? नाही. तिचे उत्तर सौमित्र शुक्ला यांच्या अलीकडच्या अभ्यासात आहे. भारतातील एका नामांकित महाविद्यालयातून बड्या अमेरिकन व युरोपीय कंपन्या मुले कशी निवडतात, हे त्यांनी महाविद्यालयाकडील भरतीच्या नोंदींवरून तपासले. अर्जात फरक नाही, लेखी परीक्षेत नाही, गटचर्चेतही नाही. फरक पडतो तो शेवटच्या वैयक्तिक मुलाखतीत, जिथे घर, वस्ती, आवडीनिवडी आणि ‘आमच्यात हा शोभेल का’ हे पाहिले जाते. म्हणजे आमची मुले परीक्षेत कमी पडत नाहीत. त्यांना गप्पांत पाडले जाते!

यावर काही शहाणे म्हणतात की आता निवड यंत्रच करील, मग भेदभाव राहणार नाही. यंत्राला शिकवतो कोण? अ‍ॅमेझॉन कंपनीने अर्ज तपासणारे असे यंत्र बनवायला घेतले होते. मागील दहा वर्षांचे अर्ज त्याला शिकायला दिले. त्यात पुरुषच जास्त होते म्हणून यंत्र स्त्रियांच्या अर्जाला कमी गुण देऊ लागले आणि कंपनीला तो प्रयत्न गुंडाळावा लागला, असे २०१८ साली उघड झाले. जिथे आजवर एकाच वर्गाची भरती झाली, तिथले यंत्र त्याच वर्गाला गुणवान समजणार. मनूची स्मृती संगणकात भरली की ती पुसली जात नाही, ती वेगाने चालू लागते.

कायदा काय म्हणतो? राज्यघटनेच्या कलम १६ ची समान संधी राज्याच्या नोकरीपुरती आहे. १९५९ च्या सेवायोजन कायद्याने खाजगी आस्थापनांना रिक्त जागा कळवायला लावले; पण पाठवलेला उमेदवार घ्यावाच असे बंधन ठेवले नाही. २००४ साली केंद्र सरकारने खाजगी क्षेत्रातील आरक्षणाचा विषय काढला, त्यानंतर उद्योगपतींनी जे. जे. इराणी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून स्वेच्छेने काय ते करू असे सांगितले. स्वेच्छेने! अमेरिकेत २०२० साली कॅलिफोर्निया राज्याच्या विभागाने सिस्को कंपनीवर एका दलित अभियंत्याच्या छळाबद्दल दावा लावला. त्यातील दोन अधिकाऱ्यांविरुद्धचा दावा २०२३ मध्ये मागे घेण्यात आला, पण जात सातासमुद्रापार गेली आहे ही चर्चा थांबली नाही. त्याच वर्षी सिएटल शहराने जातिभेदाविरुद्ध कायदा केला. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानेही केला, पण राज्यपालांनी त्यावर सही केली नाही. परदेशात निदान कायद्याची भाषा होते. पुणे, बंगळूर, हैदराबादच्या काचेच्या इमारतींत ती केव्हा होणार?

बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकून १९१७ साली बडोद्याला नोकरीवर गेले, तेव्हा कचेरीतले शिपाई त्यांच्या टेबलावर लांबून फायली फेकत. पदवीने जात जात नाही, हे त्यांनी सोसून पाहिले. म्हणूनच ते कुणाच्या चांगुलपणावर विसंबले नाहीत. ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना १९४३ साली केंद्राच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी आठ पूर्णांक एक तृतीयांश टक्के जागा लेखी आदेशाने राखून ठेवल्या गेल्या. लेखी नियम हेच दुर्बलाचे शस्त्र असते.

खाऊजा धोरणाने सरकारी नोकऱ्या आटवल्या. उरल्या त्या कंत्राटात गेल्या. आमच्या शिकलेल्या मुलांना आता याच कंपन्यांच्या दारात उभे राहावे लागणार आहे. म्हणून आरक्षणाची मागणी कायम ठेवून आम्ही आणखी काही मागण्या मांडतो. पहिल्या फेऱ्यांत नाव, आडनाव, गाव झाकून तपासणी व्हावी. वडिलांचा धंदा व राहण्याची वस्ती विचारण्यास बंदी व्हावी. सर्व उमेदवारांना तेच प्रश्न आणि त्यांचे लेखी गुण असावेत. ठरलेल्या दिवसांत कारणासह उत्तर मिळावे. आणि कोणत्या समाजातील किती उमेदवार कोणत्या फेरीत गळाले, हे कंपनीने दरवर्षी जाहीर करावे. गुणवत्तेवर एवढा विश्वास आहे, तर आकडे दाखवायला भीती कसली?

चळवळीनेही आपले काम ओळखावे. कंपन्यांत ओळखीच्या शिफारशीवर मोठी भरती होते. त्यांची मामेभावंडे आत असतात, आमचे कुणी नसते. जे थोडे आपले बांधव आत आहेत, त्यांतले काही आडनाव झाकून बसले आहेत. त्यांची अडचण आम्ही समजू शकतो. पण आपल्या मुलाचा बायोडेटा पुढे सरकवायला जात उघड करावी लागत नाही. बुद्धविहारात रविवारी मुलाखतीचा सराव घेता येईल. घेणारे अभियंते आपल्यातच आहेत.

आणि तरुण मित्रांनो, प्रत्येक फेरीची तारीख व विचारलेले प्रश्न वहीत लिहून ठेवा. नकाराचे कारण लेखी मागा. रुजू होण्याची तारीख हातात येईपर्यंत दुसरी नोकरी सोडू नका. इन्फोसिसने २०२२ साली निवडलेल्या अनेक पदवीधरांना पत्र हातात असूनही २०२४ पर्यंत ताटकळावे लागले. पुण्याच्या नाइट्स या कर्मचारी संघटनेने केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे तक्रार केली, तेव्हा त्याची देशभर चर्चा झाली. एकट्याच्या मेलला जे उत्तर मिळत नाही, ते संघटनेच्या पत्राला द्यावे लागते.

शंभर मुलांच्या शंभर वह्या एकत्र आल्या, तर कुठली कंपनी कुठल्या फेरीत आणि कुठल्या प्रश्नावर आमची मुले गाळते, हे साऱ्या महाराष्ट्राला दिसेल. कंपन्या कळवत नसतील, तर त्यांना जाब विचारणारे पत्र आता आपण लिहायचे.